दोन दिवस, एक जुनी वाट : हिवाळ्यातला धाराशिव जिल्हा

इटलीतील नेपल्स शहरात हिवाळ्याचा एखादा शनिवार-रविवार घालवायचा ठरवणारा प्रवासी आधी उजेडाचा हिशेब मांडतो. डिसेंबरच्या अखेरीस तिथला दिवस जेमतेम सव्वानऊ तासांचा असतो. त्यात पाँपेईचे अवशेष पाहावेत की शहरातील पुराणवस्तुसंग्रहालय, हा पहिला पेच. बहुतेक जण एक दिवस याला आणि एक दिवस त्याला देतात. त्या संग्रहालयात पाव मीटरच्या आसपास उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. १९३८ साली अमेदेओ मायुरी यांच्या देखरेखीखाली पाँपेईत चाललेल्या उत्खननात ती एका घराच्या अवशेषांत मिळाली. पाँपेई व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले ते इ. स. ७९ मध्ये; म्हणजे ही मूर्ती त्याआधीच भारतातून तिथे पोहोचली होती. प्रारंभी तिला ‘लक्ष्मी’ म्हटले गेले, आज बहुतेक अभ्यासक तिला यक्षी मानतात.

या मूर्तीच्या घडणीशी जवळचे नाते सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती महाराष्ट्रात दोन ठिकाणी मिळाल्या आहेत. एक जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि दुसरे धाराशिव जिल्ह्यातील तेर. नेपल्सची सहल आखताना त्या मूर्तीपुढे थांबण्यासाठी दहा मिनिटे राखून ठेवणारे मराठी प्रवासी असतीलही. मूर्ती जिथल्या जगातून गेली त्या जगासाठी दोन दिवस राखून ठेवणारे मात्र फार थोडे. हा धागा त्या दुसऱ्या टोकाच्या दोन दिवसांचा आहे. थोडा लांब आहे; पण जिल्हाही काही लहान नाही.

हिवाळाच का? बालाघाटच्या या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी अकरानंतर उघड्या किल्ल्यावर फिरणे ही शिक्षाच असते. डिसेंबर-जानेवारीत मात्र सकाळी अंगावर शाल लागते, दुपार सौम्य असते आणि सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा मिळतो. नेपल्सपेक्षा पावणेदोन तास अधिक. एवढ्या वेळात एक लेणे सहज पाहून होते.

हिवाळ्याची ही निवड नवी नाही. एकोणिसाव्या शतकातील पुरातत्त्व खात्याचे सगळे काम ‘सीझन’ या एककात मोजले जाई. पावसाळा ओसरल्यावर तंबू, मोजपट्ट्या, छायाचित्रणाचे अवजड सामान आणि रेखाटनकार घेऊन निघायचे आणि उन्हाळा तापण्यापूर्वी परतायचे. जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातील पुरातत्त्व सर्वेक्षणाचा तिसरा सीझन, म्हणजे १८७५-७६ चा हिवाळा, तत्कालीन निजामी मुलखात घालवला. त्यावरचा अहवाल १८७८ साली प्रसिद्ध झाला. बीदर आणि औरंगाबाद या विभागांतील प्राचीन अवशेषांवरच्या त्या ग्रंथात धाराशिवच्या लेण्यांचे आराखडे व वर्णन आहे. ज्याला आज ‘प्रेक्षणीय स्थळांची यादी’ म्हणतात, तिची या जिल्ह्यापुरती एक पहिली आवृत्ती अशा हिवाळी दौऱ्यातून तयार झाली.

यादी कोण करतो यावर पुष्कळ काही अवलंबून असते. युरोपात हे काम बेडेकरसारख्या प्रवासपुस्तिकांनी केले. ज्या इमारतीच्या नावापुढे तारा छापला गेला तिथे गर्दी झाली, आणि जिथे तारा नव्हता तिथे जाण्याचे प्रवाशांनी टाळले. धाराशिवची आजची यादी बहुतेकांच्या मनात एका नावाची आहे : तुळजापूर. सोलापूरहून यायचे, दर्शन घ्यायचे, जमले तर नळदुर्गला वळसा घालायचा आणि परतायचे. श्रद्धेच्या दृष्टीने ती यात्रा पूर्णच आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यात सुरुवातीचे पान गळून जाते.

म्हणून इथे मांडलेला क्रम जरा वेगळा आहे. शनिवारी तेर आणि धाराशिवची लेणी. रविवारी तुळजापूर आणि नळदुर्ग. संध्याकाळी सोलापूर स्थानक. सोयीपेक्षा एका वाटेचा विचार करून हा क्रम ठरवला आहे. ती वाट कोणती, हे तेरमध्येच उलगडते.

मुंबईहून रात्री निघणारी लातूर एक्सप्रेस पहाटेच्या सुमारास धाराशिवला सोडते. तिथून तेर सुमारे वीस किलोमीटर. तेरणा नदीच्या काठावरचे हे गाव प्रथमदर्शनी मराठवाड्यातील कुठल्याही मोठ्या गावासारखे दिसते. गोरोबाकाकांचे समाधिमंदिर, त्यापुढची फुला-प्रसादाची दुकाने, एसटीचा थांबा, चहाची टपरी. परंपरेनुसार संत गोरा कुंभार यांनी इ. स. १३१७ मध्ये इथे समाधी घेतली. वारकऱ्यांच्या लेखी तेर म्हणजे गोरोबांचे तेर, आणि तेवढीही ओळख कुठल्याही गावाला पुरेशी आहे.

परंतु गोरोबा ज्या गावात चाक फिरवीत होते, ते गाव त्यांच्या काळी तेराशे वर्षांहून जुने झालेले होते.

इ. स. च्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे पुस्तक लिहिले. तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतची बंदरे, तिथला माल, भरती-ओहोटीचे धोके, कुठे काय विकले जाते याची ती मार्गदर्शिका. त्यात दख्खनच्या अंतर्भागातील दोन मोठ्या बाजारपेठा येतात. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या अंतरावर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या अंतरावर ‘तगर’. पैठणहून मौल्यवान खड्यांचे दगड जात. तगरहून साधे कापड मोठ्या प्रमाणात, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि किनाऱ्याकडून आलेला इतर स्थानिक माल. हे सारे गाड्यांवर लादून, रस्ता म्हणावा असा रस्ता नसलेल्या प्रदेशातून, भडोचच्या बंदरात पोहोचे. त्या लेखकाने अंतर कोसांत किंवा मैलांत न देता दिवसांत दिले आहे, हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. सहल आखणाराही नकाशावरचे किलोमीटर न मोजता वेळच मोजत असतो. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे.

तगर म्हणजे नेमके कोणते गाव, हा प्रश्न पुढे शतकभर अभ्यासकांना छळत राहिला. कुणी देवगिरीकडे बोट दाखवले, कुणी जुन्नरकडे. भगवानलाल इंद्रजींचा कल जुन्नरकडे होता, तर रा. गो. भांडारकरांनी बीड जिल्ह्यातील धारूरचे नाव सुचवले. विद्वत्तेच्या दृष्टीने ही सगळी नावे भारदस्तच. अडचण अशी की पेरिप्लसमधील दिशा काटेकोर नव्हती, आणि नकाशावर पैठणच्या थेट पूर्वेला रेघ ओढणारा माणूस तेरच्या बराच वरून निघून जात होता.

दुसरीकडे एक धागा शिलालेखांत आणि ताम्रपटांत शिल्लक होता. कोकण आणि कोल्हापूर येथे राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या बिरुदांत ‘तगरपुरवराधीश्वर’ असे अभिमानाने लिहीत. म्हणजे श्रेष्ठ अशा तगर नगराचे स्वामी. त्या काळी ते तगरपासून शेकडो किलोमीटर दूर राज्य करीत होते. पण मूळ गावाचे नाव त्यांनी सोडले नव्हते. पुण्या-मुंबईत तीन पिढ्या गेल्यावरही आडनावामागे गावाचे नाव सांगणाऱ्या मराठी कुटुंबांना ही भावना समजावून सांगण्याची गरज नाही.

१९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी हा गुंता सोडवला आणि तगर म्हणजेच तेर हे समीकरण मांडले. त्यांच्या मांडणीचा महत्त्वाचा भाग नावाच्या साम्यापलीकडचा आहे. त्यांनी वाट शोधली. पूर्व किनाऱ्याकडील मच्छलीपट्टण आणि विनुकोंडा येथून निघणारे दोन मार्ग हैदराबादच्या आग्नेयेस एकत्र येत, तिथून तेर, पैठण, दौलताबाद असे करीत सह्याद्री उतरून भडोचकडे जात. पेरिप्लसमध्ये ‘किनाऱ्याकडून आलेला माल’ तगरला का दिसतो, याचे उत्तर या वाटेत आहे. तेर हे दोन समुद्रांच्या मधले नाके होते.

आता गावात शिरावे. पहिला थांबा रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय. लामतुरे तेरचेच रहिवासी. गावच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांतून, पावसाने उघड्या पडणाऱ्या आणि नांगराला लागणाऱ्या वस्तू त्यांनी चिकाटीने गोळा केल्या. पुढे त्यांच्या संग्रहावरच हे संग्रहालय उभे राहिले. पांढरीतील माती खत म्हणून शेतात टाकण्याची रीत सगळ्या दख्खनमध्ये होती. किती प्राचीन गावे अशी गाडीगाडीने शेतात पसरली गेली, याचा हिशेब नाही. एका माणसाच्या नादामुळे तेरचा बराच हिस्सा त्यातून वाचला.

इथे घाई करू नये. किमान दीड तास द्यावा. केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या, दोन साच्यांतून काढून जोडलेल्या बाहुल्या पाहाव्यात. त्यांच्या केसांची ठेवण आणि दागिने सातवाहनकालीन बाजाराचे आहेत, पण दुहेरी साच्याचे तंत्र भूमध्य समुद्राकडच्या जगाशी नाते सांगते. गळ्यात घालण्यासाठी छोटी कडी असलेली, रोमन नाण्यांची नक्कल करणारी मातीची पदकेही पाहावीत. ज्याला सोन्याचे नाणे परवडत नव्हते त्याने मातीचे घालून मिरवले. परदेशी वस्तूची हौस आणि तिची स्वस्त नक्कल, दोन्ही दोन हजार वर्षांपूर्वीच्या तेरमध्ये होत्या. आणि अर्थातच हस्तिदंती मूर्ती. नेपल्समध्ये जिच्याभोवती गर्दी होते तिची ही माहेरची नातलग. इथे मात्र तिच्यापुढे पाहणारा अनेकदा एकटाच असतो.

संग्रहालयातच उत्तरेश्वर मंदिराची लाकडी कोरीव द्वारचौकट आहे. महाराष्ट्राच्या हवेत, वाळवी आणि पावसाच्या राज्यात इतके जुने लाकडी कोरीवकाम टिकणे हीच मोठी गोष्ट. आधी ती चौकट पाहावी आणि मग विटांच्या उत्तरेश्वर मंदिराकडे जावे, म्हणजे चौकट कुठे शोभत असेल याची कल्पना येते.

त्यानंतर त्रिविक्रम मंदिर. तेरची एकच वास्तू पाहायला वेळ असेल तर हीच पाहावी. पुढचा सपाट छताचा मंडप नंतरचा आहे. त्यामागे विटांची, मागच्या बाजूस अर्धवर्तुळाकार होत जाणारी, गजपृष्ठाकार छताची मूळ वास्तू आहे. कार्ले-भाजे येथे जो आकार खडकात कोरलेला दिसतो, तोच इथे विटांत उभा आहे. आंध्रातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिर हे याचे जवळचे भावंड. ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह होती असे मत हेन्री कझिन्स यांच्यापासून मांडले जात आले आहे. आज आत त्रिविक्रम विष्णूची मूर्ती आहे आणि पूजा चालते. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या उभ्या बांधीव वास्तूंपैकी ही एक. लेणे डोंगर आहे तोवर टिकते, पण वीट दर पावसाळ्यात थोडी झिजते; ती इतकी शतके टिकली, कारण या वास्तूत पूजा कधी फार काळ खंडित झाली नसावी. देव बदलला, उपयोग बदलला नाही. स्मारकांचे जतन म्हटले की कुंपण आणि निळा फलक डोळ्यांपुढे येतो. तेरमध्ये ते काम दिवाबत्तीने केले.

दुपारी जेवून धाराशिवकडे परतावे. हुरड्याचे दिवस असतील आणि रस्त्याकडेच्या शेतात आगटी पेटलेली दिसली तर अर्धा तास तिथे गेला तरी वेळापत्रकाने तक्रार करू नये. कोवळ्या ज्वारीची कणसे गोवऱ्यांच्या आरावर भाजून, हातावर चोळून, तिखट चटणीबरोबर खाणे हा या मातीचा हिवाळी कार्यक्रम आहे.

धाराशिवची लेणी शहरापासून थोड्या अंतरावर, बालाघाटच्या एका घळीच्या उतारावर आहेत. अजिंठा-वेरूळची अपेक्षा मनात ठेवून आलेला माणूस इथे हिरमुसतो. खडक ठिसूळ आहे. खांब झिजलेले, दर्शनी भाग ढासळलेले. पण दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात शिरल्यावर मोठा स्तंभयुक्त मंडप, तिन्ही बाजूंना खोल्या आणि मागे गाभारा असा आराखडा दिसतो. अजिंठ्याचे विहार पाहिलेल्याला तो लगेच ओळखू येतो. गाभाऱ्यात मात्र पार्श्वनाथांची मूर्ती आहे. बर्जेस यांनी ही लेणी जैन म्हणून नोंदवली. पुढील अभ्यासकांपैकी अनेकांना आराखड्यावरून त्यांचा आरंभ बौद्ध वाटतो. त्रिविक्रम मंदिर पाहून आलेल्या माणसाला हा वाद परका वाटत नाही. सकाळी विटांत जे पाहिले, तेच संध्याकाळी दगडात.

आणि इथेच एक गंमत आहे. अकराव्या शतकाच्या सुमारास मुनी कनकामर यांनी ‘करकंडचरिउ’ हे अपभ्रंश काव्य रचले. हिरालाल जैन यांनी ते संपादित करून १९३४ साली कारंजा येथून प्रसिद्ध केले. त्यातील नायक करकंड हा चंपानगरीचा राजा दक्षिणेच्या स्वारीवर निघतो आणि वाटेत तेरापूर येथे तळ देतो. तिथे त्याला कळते की जवळच्या डोंगरात खांबांचे मोठे लेणे आहे, आणि वर एक वारूळ असून एक हत्ती रोज सोंडेत पाणी व कमळ आणून त्याची पूजा करतो. राजा कुतूहलाने जातो, वारूळ खणवतो, पार्श्वनाथांची मूर्ती सापडते. लेण्यातील मूर्तीच्या आसनावर एक गाठ दिसते. ती शोभत नाही म्हणून तो फोडायला लावतो आणि आतून पाण्याचा लोट उसळतो.

कथा बाजूला ठेवली तरी तिच्यातील भूगोल लक्षणीय आहे. तेरापूरला मुक्काम करायचा, स्थानिकांकडून माहिती घ्यायची आणि जवळच्या डोंगरातील लेणे पाहायला जायचे. आपल्या शनिवारचा आराखडा हजार वर्षांपूर्वीच्या एका जैन मुनीने आधीच आखून ठेवलेला आहे! लेणी त्याच्या काळीसुद्धा प्राचीनच होती, आणि त्यांना कुणी खोदले हे सांगण्यासाठी त्यालाही एक गोष्ट रचावी लागली.

सूर्य सहाच्या आसपास मावळतो. लेण्यांत उजेड त्याआधीच जातो, म्हणून चारपर्यंत तिथे पोहोचलेले बरे. रात्रीचा मुक्काम धाराशिव शहरात. मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून पडलेले उस्मानाबाद हे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे मागे पडले. परंतु ‘धाराशिव’ हे नाव काही २०२३ चे नव्हे. बर्जेस यांच्या ग्रंथात लेण्यांचे नाव तेच आहे.

आता काय गाळायचे याचा कठोर निर्णय. परांडा गाळावा. हे लिहिताना कुणाही किल्लेप्रेमीचा हात अडखळेल. खंदकाने वेढलेला तो भुईकोट जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, धाराशिवपासून सत्तर किलोमीटरांच्या आसपास आहे. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवले आणि निजामशाहीचा कारभार काही काळ परांड्यातून चालला. १६३४ मध्ये शहाजादा शुजा आणि महाबतखान यांनी घातलेला मोगली वेढा याच किल्ल्याने परतवला. हे दोन प्रसंग स्वतंत्र धाग्याचे धनी आहेत. शिवाय परांड्याची सर्वांत प्रसिद्ध वस्तू आता परांड्यात नाहीच. १५४९ साली अहमदनगरात मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतलेली ‘मलिक-ए-मैदान’ तोफ परांड्याच्या तटावर होती. १६३२ मध्ये आदिलशाहीने ती विजापूरला नेली आणि आजही ती तिथल्या बुरुजावर आहे. परांडा, माणकेश्वरचे शिवमंदिर आणि कुंथलगिरी मिळून पश्चिमेकडचा एक वेगळा शनिवार-रविवार होतो. दोन दिवसांत सगळे कोंबणाऱ्याच्या हाती मोबाइलमधील छायाचित्रांपलीकडे फारसे उरत नाही.

रविवारी पहाटे तुळजापूर. शहरापासून पंचवीस किलोमीटरांच्या आत. सकाळी लवकर पोहोचले तर कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ आणि खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची रचना नीट पाहता येते. डोंगराच्या कुशीत दडवल्यासारखे मंदिर का बांधले असेल, याचा विचार करायला सवड मिळते. तारीख ठरवताना पंचांग उघडावेच. पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत इथे शाकंभरी नवरात्र असते. म्हणजे नेमक्या हिवाळी सुट्टीच्या सुमारास. उत्सव पाहायचा असेल तर ते दिवस उत्तम. वास्तू पाहायची असेल तर टाळावेत. पौर्णिमा, मंगळवार आणि शुक्रवारचेही तेच. मंदिर आणि १६५९ सालची अफजलखानाची स्वारी यांवर भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून इथे पुढे सरकावे.

तुळजापूरहून नळदुर्ग पस्तीसेक किलोमीटर. आणि इथे ती जुनी वाट पुन्हा भेटते. पुण्याहून सोलापूर, नळदुर्ग, हैदराबाद करीत जाणारा आजचा राष्ट्रीय महामार्ग ६५ शेवटी मच्छलीपट्टणला समुद्राशी पोहोचतो. फ्लीट यांनी तगरच्या वाटेचे एक टोक नेमके तिथेच दाखवले होते. नाके तेरहून नळदुर्गकडे सरकले, बैलगाड्या जाऊन मालवाहू ट्रक आले, पण पठारावरून पूर्व समुद्राकडे उतरणारी दिशा तीच राहिली.

नळदुर्गचे नाव लोककथा नळ राजाशी जोडते. इतिहासात तो बहमनींकडून आदिलशाहीकडे आला, पुढे मोगल आणि निजाम यांच्याकडे गेला. शंभरावर बुरुजांची तटबंदी, दूरवर नजर टाकता येईल असा उंच उपळी बुरुज, पाकळ्यांसारख्या गोलाव्यांचा नवबुरुज. पण नळदुर्गचा आत्मा बोरी नदीत आहे. मुख्य किल्ला आणि समोरचा रणमंडळ यांच्यामधून वाहणाऱ्या नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, दगडी बंधारा घातला गेला. त्या एका बंधाऱ्याने तीन कामे साधली. पाणी अडले, दोन किल्ल्यांना जोडणारा पूल मिळाला, आणि बंधाऱ्याच्या पोटातच एक महाल बांधला गेला. हा पाणीमहाल. पावसाळ्यात बंधारा भरून वाहू लागला की ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन सांडव्यांतून पाणी कोसळते आणि महालाच्या खिडकीतून बाहेर पाहणाऱ्यापुढे पाण्याचा पडदा उभा राहतो. आत बसलेला माणूस मात्र कोरडा. संगीतात रमणाऱ्या आणि ‘किताब-ए-नवरस’ रचणाऱ्या सुलतानाच्या काळाला शोभणारी ही कल्पना. तिची स्थापत्यबुद्धी मात्र शुद्ध व्यवहारी आहे : पाण्याचा भार कुठे पेलायचा आणि कुठून सोडून द्यायचा, हे ठाऊक असल्याखेरीज धरणाच्या भिंतीत खोली काढता येत नाही.

हिवाळ्यात धबधबा सहसा नसतो. समाजमाध्यमांवरची छायाचित्रे पाहून डिसेंबरमध्ये येणारे इथे फसल्याची तक्रार करतात. वास्तविक बांधकाम समजून घेण्याचा ऋतू हाच. पाणी कोसळत असताना डोळे पाण्यावर खिळतात. ते ओसरले की दगडांचे थर, सांडव्यांचे तोंड आणि महालाचे जिने यांकडे लक्ष जाते. दोन-अडीच तास इथे द्यावेत आणि रणमंडळाकडे जाऊन मुख्य किल्ल्याकडे वळून पाहावे.

नळदुर्गने एक युरोपीय पाहुणा बराच काळ पाहिला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर हाही मुलूख कंपनीच्या ताब्यात दिला, तेव्हा नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार फिलिप मेडोज टेलर यांच्याकडे आला. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या १८३९ च्या कादंबरीचे लेखक तेच. १८५७ मध्ये त्यांची वऱ्हाडात बदली झाली. १८६० मध्ये हा मुलूख निजामाला परत मिळाला. टेलर यांनी मात्र नळदुर्ग सोडले नाही. १८६३ मध्ये त्यांची ‘तारा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिची पार्श्वभूमी तुळजापूर-नळदुर्गची आणि काळ आदिलशाही व शिवाजी महाराजांच्या संघर्षाचा. लंडनमधील वाचकांनी तुळजापूर हे नाव ज्या पुस्तकांतून प्रथम ऐकले त्यांत ‘तारा’ असणार. त्यातील दृष्टी वसाहतीच्या अधिकाऱ्याची आहे, हे विसरून चालत नाही. पण या गावांची वाट-वळणे त्याने घोड्यावरून पाहिलेली होती, हेही पानोपानी जाणवते.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून धाराशिवला हलले आणि नळदुर्ग मागे पडले. १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी अरुंदमापी रेल्वे सुरू झाली आणि १९११ मध्ये ती लातूरपर्यंत पोहोचली. व्यापाराने रुळांची बाजू धरली, नळदुर्ग रुळांपासून दूर राहिले. किल्ला आज इतका मोकळा आणि सलग पाहता येतो, याला हे मागे पडणेही कारण आहे.

संध्याकाळी नळदुर्गहून महामार्गाने सोलापूर तासाभराचे. तिथून पुण्या-मुंबईकडे रात्रीच्या गाड्या आहेत.

तारीख पक्की करण्यापूर्वी शेवटची एक गोष्ट तपासावी. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे वेळ अमावस्या, इथल्या बोलीत येळवस. त्या दिवशी लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील घरेच्या घरे शेतावर असतात. ज्वारीच्या ताटांची खोप, तिच्यात पांडवांची पूजा, आंबिलाचा माठ, भज्जी आणि बाजरीचे उंडे. बाजारपेठा ओस पडतात, रिक्षा मिळत नाही, चहाची टपरीही बंद. स्थळदर्शनाचा बेत त्या दिवशी हमखास कोलमडतो. मात्र तेरच्या वाटेवर एखाद्या बांधाशी गाडी थांबली, तर अनोळखी माणसालाही आंबिलाचा पेला घेतल्याशिवाय कुणी पुढे जाऊ देत नाही.